चिठ्ठीची मागची बाजू

रोज सकाळी सात वाजता मी रिकाम्या खोलीत मोठ्याने वाचते. ऐकायला कुणी नाही हे मला दिसतं, डोळे अजून शाबूत आहेत. पण एकदा सर्दीने घसा बसला म्हणून मनातल्या मनात वाचलं, तर भिंतीपलीकडून जाईबाई थापा मारायला लागल्या. "सिस्टरबाय, आज आवाज नाय इलो गो तुझो! बरी आसस मा?" तेव्हापासून घसा बसो की ताप येवो, वाचायचं ते मोठ्यानेच. त्या वाचनाने माझ्या आत्म्याचं काय भलं होतं ते देव जाणे, पण मी जिवंत असल्याची खबर शेजारी रोज पोचते.

घोडपदेवच्या या चाळीत मी सगळ्यांची सिस्टर. सुभद्रा पाटोळे हे नाव फक्त लाइटच्या बिलावर आणि चर्चच्या सभासदांच्या यादीत. परळच्या हॉस्पिटलात चौतीस वर्षं नोकरी केली, निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी कुणाच्या पोराला ताप आला की दार माझंच वाजतं. ताप उतरला की दार वाजायचं थांबतं. माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती जाईबाईंच्या पोरांविषयी नाही, माझ्या एकुलत्या एक मुलीविषयी आहे, आणि खरं सांगायचं तर तिच्याविषयीही नाही.

मी वाचते ती चिठ्ठी. आमच्याकडे एक वचनपेटी आहे. जेवणाच्या डब्याएवढी लाकडी पेटी, आत तीनशे पासष्ट चिठ्ठ्या, सुरळ्या करून उभ्या दाटीवाटीने लावलेल्या. प्रत्येकीवर शास्त्रातलं एक वचन. ड्रेसिंगच्या जुन्या चिमट्याने एक उचलायची, वाचायची, गुंडाळून परत ठेवायची. अशा पेट्या आमच्या लोकांच्या बऱ्याच घरांत असतात, छापील, विकतच्या. आमची घरची होती. माझा नवरा शांतवन गिरगावातल्या एका छापखान्यात बाइंडर होता. मनवा चार वर्षांची असताना तो पिवळसर जाड कागदाच्या कतरणीचा गठ्ठा घेऊन आला आणि म्हणाला, "पोरीशी दिवसभर आपणच बोलतो. देवालाही एखादं वाक्य बोलू दे की."

वचनं त्याने निवडली. लिहिली मी, कारण शांतवनचं अक्षर त्याचं त्यालाच लागायचं नाही.

घरात नियम एकच होता: चिठ्ठी काढल्याशिवाय चहा नाही. शांतवन दाढी करता करता आरशातूनच विचारायचा, "काय आलं?" गणिताच्या पेपराच्या दिवशी मनवाला शेतं फस्त करणाऱ्या टोळांचं वचन आलं. ती रडकुंडीला आली. "टोळांचं आलं, अप्पा!" तर हा म्हणतो, "मग काय, आज पेपर खाऊन टाक." अशी आमची उपासना. पाळकसाहेबांनी ऐकली असती तर त्यांना काय वाटलं असतं कुणास ठाऊक, पण पोरगी देवाला घाबरत नव्हती. त्याच्याशी ती घरातल्या माणसासारखी बोलायची.

पेटीत तिघांच्या जागा ठरल्या होत्या. माझा पुढचा उजवा कोपरा. शांतवन मधून कुठूनही. मनवा कायम मागच्या डाव्या कोपऱ्यातून काढायची. "बदल की कधीतरी," असं एकदा तिला म्हटलं, तर म्हणाली, "नको. देवाला माझा कोपरा माहीत आहे."

तो मलाही माहीत होता, आणि घोटाळा तिथेच झाला.

मनवा पंधरा वर्षांची असताना शांतवन गेला. सकाळी दाढी केली, कामावर गेला, दुपारी छापखान्यातून फोन आला. नंतर मी आणि ती. माझ्या ड्यूट्या बदलत्या, कधी सकाळ, कधी रात्र. पोरगी एकटी घरी. ती वाया जाईल, खोटं बोलायला शिकेल, कुणाच्या तरी नादी लागेल, या भीतीने मला वॉर्डात बसल्या जागी घाम फुटायचा. प्रार्थना करत होते, नाही असं नाही. पण देव सावकाश काम करतो आणि मला घाई होती.

क्लास बुडवून ती मैत्रिणींबरोबर वरळीला समुद्रावर गेल्याचं मला कळलं, तेव्हा मी पहिली चिठ्ठी लिहिली. खोट्या जिभेविषयीचं वचन. शांतवनचा कागद हाताशी नव्हता, म्हणून वॉर्डातला एक कोरा, पिवळट पडलेला टेंपरेचर चार्ट कापला, कोऱ्या पाठीवर लिहिलं आणि ताप मांडायच्या चौकटी आत जातील अशी सुरळी केली. चिठ्ठी मागच्या डाव्या कोपऱ्यात ठेवली. सकाळी मनवाने काढली, वाचली, लालबुंद झाली आणि आपण होऊन सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, हे तर औषधासारखं लागू पडलं!

मग सवय लागली. अभ्यासासाठी एक, उलट बोलल्यावर एक, संगतीबद्दल एक. काम झालं की ती चिठ्ठी मी काढून टाकायची. एक शब्द मी पदरचा घातला नाही. सगळी वचनं खरी, शास्त्रातली. मनाला हेच सांगत राहिले. पण बोलायचं होतं मला आणि तोंड वापरलं देवाचं, हे आज स्वच्छ दिसतं. तेव्हाही दिसलं असतं, बघितलं असतं तर.

मनवा माझ्यासारखीच नर्स झाली, माझ्याच हॉस्पिटलात शिकली. तेविसाव्या वर्षी तिला ऑस्ट्रेलियातल्या, मेलबर्नच्या एका हॉस्पिटलाचं पत्र आलं. बोलावणं होतं. तिच्या बॅचच्या दोघी निघाल्याही होत्या. चार दिवस ती नाचत होती. मग माझ्याकडे बघून गप्प झाली आणि म्हणाली, "आई, उद्या सकाळी चिठ्ठी काढते. देव म्हणेल तसं."

त्या दुपारी ती बाजारात गेली असताना मी पाच चिठ्ठ्या लिहिल्या. पाचही एकाच अर्थाच्या. तिच्या कोपऱ्यातल्या सगळ्या जुन्या चिठ्ठ्या काढून तिथे या पाच लावल्या. सकाळी तिला दुष्काळातल्या इसहाकाचं आलं: परदेशी जाऊ नकोस, इथेच राहा, असं देवाने त्याला बजावलं ते. तिने दोनदा वाचलं. "ठीक आहे," म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं. तिच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. पुढच्याच महिन्यात चर्चच्या भगिनी मंडळात उभी राहून मी साक्ष दिली, की देवाने माझ्या मुलीला वचनातून कसं थांबवलं. बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले.

तीन वर्षं तिने वरळीच्या एका नर्सिंग होममध्ये काढली. हसायची, पण मोजकं. मग एके सकाळी चिमट्याने तिची चिठ्ठी जराशी फाटली. चिकटपट्टी लावायला तिने ती उलटी केली, आणि मागे हिरव्या बारीक चौकटी. जुन्या चिठ्ठ्या परत लावताना उरलेल्या चार त्यांत मिसळून गेल्या होत्या आणि मी त्या काढायलाच विसरले होते. दुसऱ्या कुणाला त्या चौकटी काय कळणार? पण तो कागद भरण्यातच तिच्या शिक्षणाची तीन वर्षं गेली होती. तिने सगळी पेटी जमिनीवर ओतली. एकेक सुरळी उलगडून दोन ढीग केले, कोऱ्या पाठीच्या एकीकडे, चौकटीच्या दुसरीकडे. चौकटीच्या चारच शिल्लक होत्या, पण चारही एकच सांगत होत्या.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी उलट ओरडले असते, त्यात मी हुशार आहे. तिने एवढंच विचारलं, "आणि आधीच्या? लहानपणापासूनच्या? त्यातल्या देवाच्या किती आणि तुझ्या किती?"

मी जमिनीवरच्या सुरळ्या गोळा करायला लागले.

सहा महिन्यांनी ती मेलबर्नला गेली. तिथेच एका केरळच्या मुलाशी लग्न केलं, मुलगी झाली, जुई. दर रविवारी फोन यायचा, तब्येत, हवापाणी, जुईचे दात. एकदा मी धीर करून विचारलं, चर्चला जातेस ना? ती म्हणाली, "आई, हल्ली कुणी वचन वाचलं की मी आधी मागची बाजू बघते." मी जुईच्या दातांचं विचारलं.

ही गोष्ट मी कुणाला सांगणार होते? भगिनी मंडळात? तिथे माझी साक्ष अजून आठवतात लोक. रविवारी बाकावर शेजारी जागा रिकामी ठेवून बसते, कुणी विचारलं तर म्हणते, मनवा बरी आहे, देवाची दया. घरी येते, एका माणसाचा भात लावते. चाळीत चारशे माणसं राहतात आणि मला दिवसाकाठी बोलायला एक पेटी. तीही अशी, की तिच्यातलं कुठलंच वाक्य मला लागू पडत नाही. मी काढते, वाचते, आणि मनात येतं, हे तर तूच लिहिलंस.

नऊ वर्षांनी, गेल्या डिसेंबरात, मनवा जुईला घेऊन दहा दिवसांसाठी आली. येण्याआधी फोनवर तिने बजावलं, "आई, एकच सांगते. जुईला प्रार्थना, वचन, काही शिकवायचं नाही. मोठी झाली की ती बघेल तिचं ती." मी हो म्हटलं. पेटी कपाटावर चढवली. करंज्या केल्या, दारात चांदणीचा कंदील लावला.

जुई पाच वर्षांची, गोड, बडबडी. जाईबाईंना तिने पहिल्याच दिवशी खिशात घातलं. नाताळला मनवा माझ्यासोबत चर्चमध्ये आली. गीताला सगळ्यांबरोबर उभी राहिली, पण तोंड मिटलेलं. लहानपणी सगळ्यांच्या आधी हिचा आवाज चढायचा. मी शेजारी उभी राहून गात होते आणि मला माझाच आवाज नकोसा झाला.

एकदा लालबागला मसाला आणायला जायचं होतं. मनवाने पर्समधून कागद काढून यादी लिहून दिली. मी सहज उलटा केला, तर मागे चौकटी. निळ्या. "तिकडेही तेच?" मी म्हटलं. "चार्ट सगळीकडे सारखेच असतात, आई. वॉर्डातले उरलेले कागद असतात पर्समध्ये," ती म्हणाली. मी यादीची घडी करून पिशवीत टाकली.

आणि मग मी पुन्हा तेच केलं. हे लिहिताना लाज वाटते, पण केलं. शांतवनच्या जुन्या वहीत त्याच्या पिवळ्या कागदाच्या तीन पट्ट्या सापडल्या. मनात आलं, ह्याची पाठ कोरी आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी मायलेकी राणीच्या बागेत पेंग्विन बघायला गेल्या. मी क्षमेचं वचन लिहिलं, सात वेळा नाही, सातांच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितलेलं. सुरळी केली, मागच्या डाव्या कोपऱ्यात ठेवली, आणि पेटी कपाटावरून उतरवून टेबलावर आणली. जुईच्या हाताला लागेल अशी.

सकाळी जुईने पाहिलीच. "आजी, हे काय आहे?"

मी मनवाकडे बघितलं. ती पेटीकडे बघत होती. मला वाटलं, आता रागावेल. पण ती म्हणाली, "अप्पांची पेटी. एक काढ. चिमट्याने, हळू." जुईने मधूनच कुठून तरी एक उपटली, अगदी आजोबासारखी. मनवाने तिला वाचून दाखवली. चिमणीचं आलं होतं, पाचांतली एकही देव विसरत नाही ते. जुई खूष. "आता तू, ममा!"

मनवाने चिमटा घेतला. नऊ वर्षांनी. तिचा हात कुणी न सांगता मागच्या डाव्या कोपऱ्याकडे गेला.

मला जे हवं होतं ते समोर घडत होतं. ती काढणार, उलटी करणार, कोरी पाठ बघणार, आणि तिला वाटणार की देव बोलला. मला फक्त गप्प बसायचं होतं. उभ्या जन्मात एवढं सोपं काम मला कुणी दिलं नसेल.

"थांब," मी म्हटलं. "तिथली काढू नको."

"का?"

"तिथे माझी आहे. काल तुम्ही राणीच्या बागेत गेलात तेव्हा ठेवली."

चिमटा तसाच राहिला. जुई दोघींकडे आळीपाळीने बघत होती. मनवाने ती सुरळी ओढून काढली, आधी उलटी केली. "मागे काही नाही," ती म्हणाली.

"ह्या वेळी चांगला कागद घेतला."

मनवा हसली. मोजकं नाही, खरं, पोटातून, आणि हसता हसता तिने मनगटाने डोळे पुसले. "आई, तू ना... तू सुधारणार नाहीस." मग वचन वाचून तिने चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. "हे देवाला सांगायला लावू नको. तुला काय म्हणायचंय ते तू म्हण."

नऊ वर्षांत मी ते कधी म्हटलं नव्हतं. आडून सुचवलं होतं, करंज्या पाठवल्या होत्या, देवाकडे शंभरदा म्हटलं होतं. तिला नाही. "मला माफ कर, मनवा," मी म्हटलं. "तुझी तीन वर्षं मी खाल्ली. तू जाशील आणि मी एकटी पडेन याची मला भीती वाटली. देव काही बोलला नव्हता. मीच बोलले."

तिने माफ केलं असं म्हटलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला. मग म्हणाली, "टॅक्सी येईल. जुईचे बूट कुठे आहेत?" बूट जाईबाईंकडे होते. मी आणायला गेले, जाईबाईंनी लाडू बांधून देण्यात दहा मिनिटं घालवली. परत आले तर बॅगा दारात होत्या.

त्या गेल्यावरची शांतता मी सांगत बसत नाही. आधी एकटेपणाची सवय होती, ती दहा दिवसांत मोडली होती. कपाटाच्या फटीत जुईचा एक मोजा सापडला, तो धुऊन वाळत घातला आणि चार दिवस काढलाच नाही.

पण फोन रविवारची वाट बघेना. त्या पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी वाजला. तिकडे तिची जेवणाची सुट्टी. "काय आलं आज?" मनवाने विचारलं.

शांतवन गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. जे आलं होतं ते सांगितलं. ती "बरं" म्हणाली. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा तेच. चौथ्या दिवशीही. आठवडा झाला तेव्हा मी फुलून गेले. पोरीचं मन वळलं, देवाने ऐकलं! भगिनी मंडळात साक्ष द्यायला जीभ शिवशिवत होती. गेल्या वेळची आठवली, म्हणून गप्प बसले.

तेराव्या दिवशी माझ्या पुढच्या उजव्या कोपऱ्यातून एक सुरळी आली. उचलतानाच कागद वेगळा लागला, पातळ. मी आधी मागची बाजू बघितली. निळ्या चौकटी.

पुढे मनवाचं अक्षर. अब्राहामाचं वचन, देवाने त्याला घरदार, गणगोत सोडून आपण दाखवू त्या देशात निघायला सांगितलं ते. खाली काही नाही, सही नाही, तारीख नाही.

मी बूट आणायला गेले होते तेव्हाची ती दहा मिनिटं. म्हणून रोज विचारत होती पोरगी, काय आलं म्हणून. देवाची नव्हे, स्वतःच्या चिठ्ठीची वाट बघत होती. फोन वाजला.

"काय आलं आज?"

"अब्राहामाचं."

"मागची बाजू बघितलीस?"

"आधी तीच बघितली."

"मग?"

"मग काय?" मी म्हटलं. "मी तिकडे आले तर जाईबाईंना कोण कळवणार मी जिवंत आहे ते?"

"फोनवरून वाचून दाखव त्यांना," मनवा म्हणाली. "जुईने तुझ्यासाठी कोपरा ठरवून ठेवलाय. खोलीतला. खिडकीजवळचा."

तेवढ्यात भिंतीवर थापा पडल्या. "सिस्टरबाय! आज आवाज नाय इलो गो! बरी आसस मा?"

खरंच, आज मी मोठ्याने वाचलंच नव्हतं. चिठ्ठी सरळ केली. फोन कानापासून दूर टेबलावर ठेवला आणि पहिल्यापासून वाचलं, मोठ्याने, दोघींना ऐकू जाईल असं.